झिख्रोन याकोव: बॅरनच्या बागा आणि शेतकऱ्यांची द्राक्षं



या वेळी आपल्या सदरातून आपण कार्मेल डोंगराच्या दक्षिण टोकाला, झिख्रोन याकोवला जाणार आहोत. सुट्टीत नातवंडांना घेऊन कुठे जावं, असं पुष्कळ आजी-आजोबा विचारतात. इथे आजोबांना बसायला बाग आहे, मुलांना पळायला जागा आहे आणि मोठ्यांना वाईन आहे. पण जायच्या आधी गावाची गोष्ट ठाऊक असली तर बघण्यात मजा येते. म्हणून आधी गोष्ट.

बाळांनो, आधी एक गंमत. आपल्या बेने इस्राएल लोकांत आडनाव गावावरून पडतं. पेणचे ते पेणकर, रोह्याचे ते रोहेकर, नवगावचे ते नवगावकर. झिख्रोनच्या आसपास नेमकं उलटं आहे, तिथे माणसांवरून गावांची नावं पडली आहेत. आणि ती बहुतेक एकाच कुटुंबातली! बॅरन एदमोंद द रोथशिल्ड हे पॅरिसचे मोठे श्रीमंत ज्यू. त्यांचे वडील जेम्स, म्हणजे याकोव. त्यांची आठवण म्हणून झिख्रोन याकोव. जवळच बात श्लोमो आहे, म्हणजे श्लोमोची मुलगी. ती बॅरनची आई बेटी. गिवात आदा हे बायकोच्या नावावरून, आदेलाईद म्हणजे आदा. बिन्यामिना खुद्द बॅरनच्या नावावरून, कारण त्यांचं हिब्रू नाव अव्राहाम बिन्यामिन. आणि मेईर श्फेया आजोबा मेयर यांच्या नावाचं. नकाशा पुढ्यात घ्या आणि एकेक गाव शोधा. सगळं घराणं सापडेल.

पण बॅरन आले नंतर. गाव वसवलं ते दुसऱ्यांनी, आणि मला सांगायचं आहे ते मुख्यतः त्यांच्याबद्दल.

१८८२ साली रोमानियातून काही ज्यू कुटुंबं बोटीने इथे आली. पहिल्या अलीयातली ही माणसं. बहुतेक जण छोटे दुकानदार, कारागीर. शेती कधी केलेली नाही. त्यांच्या वाट्याला जमीन आली ती झामारीन नावाच्या जागेची, सगळी दगडधोंड्यांची. बायका-मुलं सुरुवातीला हैफात ठेवून पुरुष वर दगड वेचायला गेले. पैसे संपले, माणसं आजारी पडली, काही मेली. वर्षभरात वसाहत मोडायच्या बेताला आली. तेव्हा १८८३ मध्ये बॅरननी मदतीचा हात दिला.

मदत मोठी होती यात शंका नाही. घरं बांधली, डॉक्टर आला, १८८६ साली ओहेल याकोव हे सुंदर सिनेगॉग उभं राहिलं. १८९१ मध्ये पाण्याची टाकी बांधली, तिचा दर्शनी भाग एखाद्या प्राचीन सिनेगॉगसारखा आहे. ही टाकी मुलांना जरूर दाखवा. त्या काळी या देशात गावात नळाचं पाणी येणं ही नवलाईच होती.

पण मदतीची किंमतही होती. वसाहतवाल्यांना आपली जमीन बॅरनच्या नावे लिहून द्यावी लागली, आणि बदल्यात दरमहा ठरावीक रक्कम मिळू लागली. म्हणजे मालक म्हणून आलेले लोक पगारी मजूर झाले. कारभार होता बॅरनच्या अधिकाऱ्यांच्या हातात, त्यांना पकीदीम म्हणत. काय पेरायचं, कुणाला कामावर ठेवायचं, कुणाचे पैसे अडवायचे, सगळं ते ठरवत. ते फ्रेंच बोलत, हे यिद्दिश आणि रोमानियन. कुरबुरी झाल्या, भांडणं झाली.

हे वाचताना आपल्यातल्या वडीलधाऱ्यांना काहीतरी आठवेल. १९५१-५२ साली बीर शेव्यातल्या आपल्या काही लोकांनी मिळणाऱ्या वागणुकीवरून तेल अवीवमध्ये धरणं धरलं आणि भारतात परत पाठवा म्हणून हट्ट धरला. गेलेही परत. पुढे बहुतेक जण पुन्हा इथेच आले. मग १९६२ पासून लग्नाच्या बाबतीत आपल्यावर शंका घेतल्या गेल्या. १९६४ मध्ये आपली माणसं येरुशलाईमला जाऊन बसली, तेव्हा कुठे क्नेस्सेतने ऑगस्टमध्ये ठराव करून आपण सर्व बाबतींत ज्यू आहोत असं सांगितलं. नव्याने आलेल्याला टेबलापलीकडचा माणूस कसं वागवतो, हे झिख्रोनवाल्यांना आपल्या सत्तर वर्षं आधी कळलं होतं. आज त्यांच्या नावाचा रस्ता आहे, रेहोव हामेयासदीम, संस्थापकांचा रस्ता. पर्यटक तिथे आईस्क्रीम खात फिरतात. आणि अधिकाऱ्यांच्या कचेरीच्या इमारतीत पहिल्या अलीयाचं संग्रहालय आहे! शेतकऱ्यांची गोष्ट साहेबांच्या ऑफिसात मांडली आहे, हे मला फार आवडतं.

आता द्राक्षांकडे येऊ.

बॅरनच्या घराण्याला वाईन नवी नव्हती. त्यांच्या वडिलांनी १८६८ साली फ्रान्समधला शातो लाफित हा प्रसिद्ध मळा विकत घेतला होता. झिख्रोनच्या दगडाळ उतारावर गहू नीट येत नव्हता, तेव्हा बॅरननी द्राक्षं लावायचं ठरवलं. फ्रान्सहून जाणकार आले, वेली आल्या. झिख्रोनला डोंगरात खोल तळघरं खोदून १८९२ च्या सुमारास वाईनचा कारखाना सुरू झाला. रिशोन लेत्सियोनला दुसरा. खोल तळघरं अशासाठी की वाईनला थंडावा लागतो आणि तेव्हा फ्रिज कुठे होते?

लगेचच संकट आलं. फिलोक्झेरा नावाचा बारीक किडा, डोळ्यांना धड दिसतही नाही, तो वेलीची मुळं खातो. फ्रान्सचे मळे त्याने आधीच उजाड केले होते, इथेही तो पोचला. उपाय असा की अमेरिकेतल्या जंगली द्राक्षाच्या मुळांना हा किडा मारू शकत नाही. म्हणून खाली अमेरिकन खुंट आणि वर आपल्याला हवी ती वेल, असं कलम करायचं. कोकणातल्यांना हे वेगळं समजवायला नको, हापूसचं कलम असंच बांधतात. वेली पुन्हा लावल्या गेल्या.

दुसरं संकट माणसाने केलेलं. बॅरन द्राक्षांना बाजारापेक्षा जास्त भाव देत. बाळांनो, विचार करा, बाजारात एका टोपलीला दोन नाणी मिळतात आणि एक माणूस चार देतो. मग सगळे जण काय करतील? सगळे द्राक्षंच लावतील! तसंच झालं. वाईन ढीगभर, घेणारे थोडे. तळघरं भरून राहिली आणि तोटा बॅरनच्या खिशातून जाऊ लागला. मनाने केलेली मदत हिशेबात चुकली, असं मला वाटतं. शेतकऱ्याला खरा भाव कळलाच नाही. शेवटी १९०० साली बॅरननी वसाहतींचा कारभार एका ज्यू संस्थेकडे सोपवला, पुष्कळ वेली उपटल्या गेल्या, आणि १९०६ मध्ये तळघरं द्राक्ष पिकवणाऱ्यांच्या सहकारी संस्थेच्या ताब्यात आली. आता मालक शेतकरी, नफाही त्यांचा, नुकसानही त्यांचं. नुकसान लवकरच आलं. १९१७ च्या क्रांतीनंतर रशियाचं गिऱ्हाईक गेलं आणि १९२० पासून अमेरिकेत दारूबंदी. तरी संस्था तगली. किद्दूशच्या बाटलीवर "कार्मेल मिज्राही" हे नाव आणि काठीवर द्राक्षांचा भला मोठा घोस खांद्यावर नेणारी दोन माणसं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. तीच ही संस्था. २०१३ साली ती खाजगी गुंतवणूकदारांना विकली गेली, म्हणजे शंभराहून जास्त वर्षं ती शेतकऱ्यांची होती.

आज आसपास लहान वाईनरीही आहेत. तिश्बी हे त्यांतलं एक जुनं घर. त्यांचे पूर्वज १८८२ मध्ये आले आणि बॅरनसाठी वेली लावू लागले. वाईनरी मात्र त्यांनी शंभर वर्षांनी, १९८० च्या दशकात काढली. तिश्बी हे नाव कवी बियालिक यांनी दिलं असं सांगतात. "इस्राएलातल्या श्फेयाचा रहिवासी" या हिब्रू शब्दांची आद्याक्षरं जोडून ते केलं आहे. म्हणजे हे कुटुंब गावावरून आडनाव घेणारं निघालं, अगदी आपल्यासारखं!

बाटलीचीही एक मजेची गोष्ट आहे. वाईन झाली तर बाटल्या लागणार. म्हणून खाली समुद्रकाठी, तांतुरा इथे, १८९० च्या दशकात काचेचा कारखाना काढला आणि व्यवस्थापक म्हणून मेईर दिझेनगोफ नावाच्या तरुणाला नेमलं. किनाऱ्याची वाळू होतीच की! पण त्या वाळूची काच निघाली काळपट. कारखाना थोड्याच वर्षांत बंद पडला. दिझेनगोफ पुढे तेल अवीवचे पहिले महापौर झाले. कारखान्याच्या इमारतीत, नाहशोलीम किबुत्समध्ये, आता संग्रहालय आहे. मुलांना तिथे समुद्रातून काढलेल्या वस्तू बघता येतात.

आता बाग. झिख्रोनच्या दक्षिणेला, बिन्यामिनाच्या दिशेला रामात हानादीव आहे. हानादीव म्हणजे उदार मनाचा, बॅरनना लोक याच नावाने ओळखत. बॅरन १९३४ मध्ये वारले आणि आदेलाईदबाई १९३५ मध्ये, दोघांना पॅरिसलाच पुरलं होतं. पण या मातीत पुरावं ही त्यांची इच्छा होती. १९५४ साली दोघांचे अवशेष जहाजाने हैफाला आणून इथे खडकातल्या गुहेत ठेवले. भोवती बाग केली. आत काळोख, थंडावा आणि साधा दगड, बाहेर मात्र फुलंच फुलं. गुलाबांची बाग, ताडमाडांची बाग, पाणी उतरत जातं ती बाग. दगडावर कोरलेला एक नकाशा आहे, त्यात बॅरननी मदत केलेल्या वसाहती दाखवल्या आहेत. वर सांगितलेला नावांचा खेळ इथे पुन्हा खेळा.

मला सगळ्यांत आवडते ती सुगंधाची बाग. ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी ती केली आहे. झाडं हाताच्या उंचीवर आणि नावं ब्रेल लिपीत. पान हळूच चुरगाळायचं आणि हुंगायचं. मुलांना डोळे मिटून ओळखायला सांगा. रोझमेरी, लव्हेंडर ही पटकन कळतात, बाकीची नाही. आपल्या आजीबाई मात्र सबजा आणि गवती चहाशी ताडून पाहतील! बागेचे रस्ते सरळ आहेत, व्हीलचेअर जाते, प्रवेश फुकट आहे.

गावात आरोनसोन कुटुंबाचं घरही पाहण्यासारखं आहे. आरोन आरोनसोन यांना १९०६ साली रोश पिनाजवळ खडकाच्या फटीत जंगली गहू सापडला आणि जगभरचे शास्त्रज्ञ चकित झाले. पहिल्या महायुद्धात त्यांच्या घरच्यांनी निली नावाचा गुप्त गट चालवून इंग्रजांना तुर्कांच्या बातम्या पुरवल्या. १९१७ च्या सप्टेंबरमध्ये निरोप नेणारं एक कबुतर तुर्कांच्या हाती लागलं. सारा या सत्तावीस वर्षांच्या बहिणीला पकडून फार छळलं, पण तिने नावं सांगितली नाहीत. ऑक्टोबरमध्ये तिने प्राण दिले. गावातले कित्येक जण तेव्हा या गटावर चिडलेले होते, कारण सूड सगळ्या गावावर निघणार होता. मुलांना हेही सांगावं.

आणि आपली वाईन? वाईन कोशेर व्हायची तर द्राक्षं दाबण्यापासून बाटली बंद होईपर्यंत शब्बाथ पाळणाऱ्या ज्यूंचेच हात लागायला हवेत. अलिबाग-रेवदंड्याला ती कुठून मिळणार? १९४९ च्या कायद्यानंतर तर मुंबईत दारूबंदीच आली. आता नाशिकला वाईन बनते, पण आपण निघालो तेव्हा नाशिकची द्राक्षं फक्त खायची होती. म्हणून आपल्या आया-आज्या शुक्रवारी मनुकांचं शरबत करत आणि त्यावर किद्दूश होई. आजही काही घरांत करतात. झिख्रोनला गेलात तर मोठ्यांसाठी बाटली घ्या, मुलांसाठी मात्र हे शरबत घरीच करा. वाटीभर काळ्या मनुका नीट धुवा, दोन वाट्या पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी हाताने कुस्करून पातळ फडक्यातून गाळा. साखर घालू नका, मनुका गोड असतात. फडकं पिळायचं काम मुलांना द्या.

जाण्यासाठी रेल्वेने बिन्यामिनापर्यंत या, तिथून बस किंवा टॅक्सी. वाईनरीत जायचं असेल तर आधी फोन करून वेळ ठरवा.