जहाजावर बिर्याणी आपली, कॉफी मात्र परक्याची

सिंगापूरहून पेनांग व फुकेतकडे जाणाऱ्या एका मोठ्या पर्यटन जहाजावर चार रात्री काढण्याचा योग आम्हाला आला. घरच्यांनी लोणच्याची बरणी आणि चिवडा बांधून दिला होता. बरणी न उघडता परत आली. सकाळी इडली-सांबार, दुपारी डाळ, छोले, जिरा भात आणि गरम नान, रात्री बिर्याणी. बिर्याणीला केवड्याचा वास जरा जास्तच होता, परंतु तक्रार करण्याजोगे काही नव्हते आणि हे सर्व तिकिटाच्या पैशांतच होते.

कॉफीचे मात्र तसे नव्हते. मोठ्या भांड्यातली पातळ कॉफी फुकट होती. मनासारखी कॉफी हवी तर शेजारच्या दुकानात जावे लागे. तेथे कॅपुचिनो, लाटे, मोका यांना चार-पाच डॉलर आणि वर सेवाशुल्क. आपल्या माणसांची तेथे रांग होती. डाळ-भात फुकट मिळाल्याच्या आनंदात कॉफीचे बिल कोणाला जड वाटत नव्हते. जहाजवाल्यांचा हिशेब येथेच आहे, आणि व्यापार करणाऱ्यांनी तो समजून घेतला पाहिजे.

भारतीय जेवण जहाजावर कोणी मेहेरबानी म्हणून ठेवलेले नाही. इंग्रजांच्या आगबोटींवर सारंग, तांडेल आणि खलाशी आपल्या किनाऱ्याचे असत. रत्नागिरीकडची घरेच्या घरे या नोकरीवर चालत. खलाशांचा स्वयंपाक करणाऱ्यास भंडारी म्हणत, आणि साहेबलोकांच्या जेवणघरात गोव्याची माणसे असत. तेथूनच पी अँड ओ कंपनीच्या बोटींवर करी हा रिवाजाचा पदार्थ झाला. याच कंपनीने २०१० साली आपल्या ‘अझुरा’ जहाजावर अतुल कोचर यांच्या देखरेखीखाली ‘सिंधू’ नावाचे उपाहारगृह काढले आणि त्यासाठी वेगळे पैसे घेतले. म्हणजे भंडाऱ्याची करी वेगळ्या दराने विकण्याइतकी मोठी झाली. पुढे भारतीय प्रवासीच मोठ्या संख्येने येऊ लागले. २०२१ च्या सप्टेंबरात कॉर्डेलियाचे जहाज मुंबईहून गोवा, लक्षद्वीपकडे जाऊ लागले, ते तर मुख्यत्वे आपल्याच गिऱ्हाइकाच्या भरवशावर. स्वयंपाकघरात आपली माणसे आणि टेबलावर आपले गिऱ्हाईक, या दोन्हींमुळे बिर्याणी आली.

कॉफीच्या बाबतीत माल आपला असूनही नाव आपले नाही. बाबा बुदन यांनी सतराव्या शतकात हजहून परतताना येमेनच्या मोखा बंदरातून सात बिया आणून चिकमगळूरच्या डोंगरात लावल्या, असे परंपरा सांगते. जहाजावरच्या यादीत ‘मोका’ होती. मागवली तर चॉकलेट घातलेली कॉफी आली. बंदराचे नाव राहिले, बाकी काही नाही! मान्सून्ड मलबारची गोष्ट तर याहून बोलकी आहे. पूर्वी शिडाच्या जहाजांतून कॉफी युरोपात पोहोचायला कित्येक महिने लागत. समुद्राच्या दमट हवेने दाणे फुगत, पिवळट होत आणि त्यांची चव बदले. त्या चवीची गिऱ्हाइकांना सवय लागली. प्रवास लवकर होऊ लागल्यावर तीच चव आणण्यासाठी मंगळूरच्या बाजूला पावसाळ्यात दाणे मुद्दाम वाऱ्यावर ठेवू लागले. जहाजाच्या तळघरात जन्मलेली ही कॉफी त्या जहाजाच्या यादीत नव्हती.

दुकानातल्या मुलाला आम्ही विचारले, दाणे कोठले? मुलगा मुंबईचाच होता. त्याने पाकीट उलटून पाहिले. त्यावर भाजणाऱ्या इटालियन कंपनीचे नाव होते, पिकाच्या देशाचे नव्हते. वास्तविक भारतात पिकणाऱ्या कॉफीपैकी सुमारे ७० टक्के परदेशी जाते आणि इटली हे आपले सर्वांत मोठे गिऱ्हाईक. एस्प्रेसोवर दाट साय यावी म्हणून तेथील भाजणारे आपला रोबस्टा घेतात. त्या पाकिटातही आपलाच दाणा असू शकेल.

आता हिशेब पाहा. फेब्रुवारी २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या बाजारात अरेबिकाने पौंडाला ४ डॉलरची मजल ओलांडली, हा भाव फार चढा समजला गेला. त्या भावानेही, भाजताना होणारी घट धरून, किलोभर भाजलेल्या कॉफीला दहा-अकरा डॉलरचा कच्चा माल लागतो. कपाला १८ ग्रॅम धरले तरी किलोत ५५ कप निघतात. चार डॉलरप्रमाणे २२० डॉलर झाले. दूध, यंत्र आणि पगार वजा करा, तरी काय उरते ते दुकानदारास सांगायला नको.

मग आपला व्यापारी येथे का नाही? कच्चा दाणा जहाजाला विकताच येत नाही. मोठ्या कंपन्या कॉफीचा करार भाजणाऱ्याशी करतात. यंत्र, त्याची दुरुस्ती आणि नोकरांचे शिक्षण सहसा तोच देतो. आपल्याकडचे शिपचँडलर भाजी, अंडी, दूध पुरवण्यात तरबेज आहेत, पण यंत्रासह कॉफी देण्याचा विचार फारसा कोणी करत नाही. सिंगापूर किंवा मायामीच्या कंपनीचे दार ठोठावण्यापूर्वी मुंबईहून सुटणाऱ्या जहाजापासून सुरुवात करणे शहाणपणाचे. बाबाबुदनगिरी, कूर्ग, वायनाड यांना २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे, ते पाकिटावर छापता येते. कोकणातली मुले हॉटेल मॅनेजमेंट करून जहाजावर जातातच. त्यांनी तंदुराबरोबर कॉफीचे यंत्रही शिकावे.

प्रवाशांसाठी दोन गोष्टी. भारतीय पदार्थ दिसला म्हणजे मांस हलाल असेलच असे नाही. काही कंपन्या आधी कळवल्यास सोय करतात, तेव्हा तिकीट काढण्यापूर्वीच लेखी विचारावे. आणि कॉफीच्या यादीत आयरिश कॉफीसारखी मद्य घातलेली नावे त्याच पानावर असतात. बोट ठेवण्यापूर्वी आत काय आहे ते विचारावे, आणि त्याच वेळी दाणे कोठले तेही. त्या मुलाला हा प्रश्न आमच्याआधी कोणी विचारला नव्हता.