ओतूरच्या खटल्यावर कादंबरी हवीच, आणि ती छोटीच हवी

जुन्नर-आंबेगावात ऐतिहासिक कादंबरीचा विषय निघाला की बोट आपसूक शिवनेरीकडे जातं. त्यात गैर काही नाही. पण या मुलखाचा आणखी एक इतिहास कोर्टाच्या दप्तरात पडून आहे. 1884 च्या सुमारास ओतूरच्या बाळाजी कुसाजी पाटील यांनी सत्यशोधक पद्धतीने, ब्राह्मण पुरोहिताला न बोलावता, घरचं लग्नकार्य उरकलं. गावच्या वतनदार जोशांनी आपला हक्क बुडाला म्हणून दावा ठोकला. वाद जुन्नरच्या कोर्टात सुरू झाला आणि मुंबई हायकोर्टापर्यंत पोचला. ‘वामन जगन्नाथ जोशी विरुद्ध बाळाजी कुसाजी पाटील’ या नावाने तो कायद्याच्या अहवालांत नोंदलेला आहे. या खटल्यावर एक छोटी ऐतिहासिक कादंबरी लिहिली गेली पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. ते मांडलं की चार आक्षेप हमखास ऐकू येतात.

पहिला आक्षेप असा की हा इतिहासच नव्हे, एका गावातला दक्षिणेचा तंटा आहे. असं म्हणणाऱ्यांनी एकदा नाणेघाट चढून जावं. तिथल्या लेण्यातला सातवाहन राणी नागनिकेचा लेख आपण अभिमानाने पाहुण्यांना दाखवतो. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या लेखात काय कोरलं आहे? कोणते यज्ञ केले आणि दक्षिणा म्हणून किती गाई, घोडे, हत्ती, कार्षापण दिले, याची यादी. राणीने दिलेली दक्षिणा इतिहास ठरते, मग त्याच जुन्नर मुलखात एका पाटलाने नाकारलेली दक्षिणा इतिहास का नाही? सत्यशोधक समाज 24 सप्टेंबर 1873 रोजी पुण्यात स्थापन झाला आणि त्याच वर्षी 25 डिसेंबरला या पद्धतीचा पहिला विवाह लागला. पण पुण्यात जोतीराव फुले पाठीशी असताना लग्न लावणं वेगळं आणि गावात वतनदार जोशांच्या डोळ्यांदेखत लावणं वेगळं. चळवळीचा कस गावातच लागला.

दुसरा आक्षेप अधिक अभ्यासू माणसांचा. निकाल छापलेला आहे, ज्याला गरज असेल तो वाचेल. कादंबरीकाराने त्यात कल्पना मिसळून घोळ कशाला घालायचा? मला निकालपत्रांबद्दल आदर आहे. पण कोर्टापुढे असतो तो मुद्दा, माणूस नसतो. त्या काळच्या कायद्यात वंशपरंपरागत पुरोहितपणाचा हक्क ‘निबंध’ म्हणून स्थावर मिळकतीच्या पंक्तीला बसवला जाई. यजमानाने दुसऱ्या कोणाकडून विधी करून घेतला तरी वतनदार जोशाला आपली दक्षिणा मागता येते, असं कोर्टं मानत आली होती. म्हणजे कोर्टापुढचा प्रश्न मिळकतीचा होता. मंडपात मात्र तो कोणालाच मिळकतीचा वाटला नसणार. नवरा-नवरी समोरासमोर उभी आहेत, मध्ये अंतरपाट धरलेला आहे, वऱ्हाडाच्या मुठीत अक्षता आहेत आणि मंगलाष्टकं म्हणायला नेहमीचा माणूस नाही. लग्न लागलं असं सोयरे मानतील का? उद्या या मुलीला सासरी कोणी टोचून बोललं तर? त्या घडीला आईबापाच्या पोटात काय कालवलं असेल, याची नोंद कोणत्याही अहवालात मिळत नाही. अहवालाच्या मथळ्यावर दोन पुरुषांची नावं आहेत. ज्या लग्नावरून सगळं रामायण घडलं, त्यातल्या नवरीचं नाव तिथे नाही.

जोतीरावांनी जून 1887 मध्ये ‘सत्यशोधक समाजोक्त मंगलाष्टकांसह सर्व पूजाविधि’ हे पुस्तक प्रसिद्ध केलं. म्हणजे ओतूरचा वाद चालू असतानाच. त्यातल्या विधीत नवरी स्वतः बोलते. बायकांच्या हक्कांचं वचन मागते आणि नवरा ते देतो. ज्या विधीने बाईच्या तोंडी भाषा दिली, त्या विधीवरच्या खटल्यात बाई मुकी राहिली. तिला बोलतं करणं कायद्याच्या अहवालाचं काम नव्हे. ते कादंबरीचं काम आहे.

कल्पनेने घोळ होतो, हेही सरसकट खरं नाही. आर्थर मिलरने अमेरिकेतल्या सेलेमच्या 1692 च्या चेटूक-खटल्यांवर ‘द क्रूसिबल’ हे नाटक लिहिलं तेव्हा त्यातल्या अ‍ॅबिगेलचं वय वाढवलं, आणि तसं केल्याचं नाटकासोबत उघड सांगितलं. घोळ होतो तो लपवण्याने. म्हणून ओतूरच्या कादंबरीला माझ्या मते तीन अटी हव्यात. पक्षकारांची नावं, काळ आणि कोर्टाच्या पायऱ्या यांना हात लावू नये. कल्पिलेली माणसं कोणती, हे शेवटी एका पानात सांगावं. आणि दप्तरात जे नाही ते खऱ्या व्यक्तीच्या तोंडी पुराव्यासारखं घालू नये. एवढं पथ्य पाळलं तर इतिहासकाराला तक्रारीला जागा उरत नाही.

तिसरा आक्षेप आकाराचा. ऐतिहासिक कादंबरी म्हणजे ‘स्वामी’, ‘छावा’, ‘पानिपत’. जाडजूड ग्रंथ हवा, दीडशे पानांत इतिहास कसा मावेल? राज्यं आणि लढाया सांगायच्या तर जाड ग्रंथ हवाच. खटल्याची घडण निराळी असते. एक कृती, दोन पक्ष, काही साक्षी आणि एक निर्णय, एवढ्यावर तो उभा असतो. पानं वाढवली की तो सैल पडतो. जॅनेट लुईस या अमेरिकन लेखिकेने 1941 साली ‘द वाइफ ऑफ मार्टिन गेर’ ही छोटीशी कादंबरी लिहिली. फ्रान्समधल्या आर्तिगा गावात एक तोतया नवरा म्हणून घरात राहिला आणि 1560 मध्ये तुलूजच्या कोर्टात त्याचा निवाडा झाला, त्या खऱ्या खटल्यावर. लुईसने राजेरजवाड्यांकडे पाहिलंच नाही; ती बायकोच्या मनात शिरली. इतिहासकार नॅटली झेमन डेव्हिस यांनी त्याच खटल्यावर 1983 साली इतिहासग्रंथ लिहिला. दोन्ही पुस्तकं आज सुखाने नांदतात. आपल्याकडे प्रभाकर पेंढारकरांची ‘रारंगढांग’ घ्या. ती ऐतिहासिक नाही, पण लष्करी न्यायालयासमोर उभ्या असलेल्या एका इंजिनिअरच्या विवेकाची गोष्ट थोडक्या पानांत किती खोल जाते, हे मराठी वाचकाने अनुभवलं आहे.

चौथा आक्षेप सर्वांत नाजूक. जुन्या भांडणाला आज फोडणी कशाला? गावात सगळे गुण्यागोविंदाने राहतात, पुन्हा ब्राह्मण-ब्राह्मणेतर कशाला काढता? या भीतीची मी टवाळी करणार नाही, कारण इतिहासाच्या नावाने गावं पेटवणारे आपण पाहिले आहेत. पण ओतूरकरांनी तेव्हा केलं काय, ते तरी पाहा. धर्म, जात आणि पोट या तिन्हींना हात घालणारा प्रश्न होता. तो त्यांनी वकील देऊन कोर्टात नेला, तारखा खाल्ल्या आणि शेवटपर्यंत कायद्याच्या वाटेने लढवला. महाराष्ट्राला 2016 साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा करावा लागला आणि 2017 पासून तो अमलात आला. जातपंचायतींचे फतवे या काळातही निघतात, म्हणून तो लागला. अशा वेळी आपल्या पूर्वजांनी श्रद्धेचा वाद न्यायासनापुढे मांडला, ही गोष्ट दडवून ठेवायची की मुलांना सांगायची?

शिवाय चांगली कादंबरी जोशांना खलनायक करणार नाही. त्यांची बाजू खरी होती. गावच्या घराघरावरचा हक्क हेच त्यांचं वतन, त्यात भाऊबंदांच्या वाटण्या झालेल्या. एका पाटलाने वाट मोडली की उद्या सगळी आळी त्याच वाटेने जाणार, हे त्यांना दिसत होतं. पोटाची ही धास्ती लेखकाने मन लावून लिहिली पाहिजे. पाटीलही नास्तिक नव्हता. कपर्दिकेश्वराच्या आणि बाबाजी चैतन्यांच्या समाधीच्या गावातला माणूस देवाला सोडत नव्हता. देव आणि आपण यांच्यातला सक्तीचा मध्यस्थ त्याला नको होता. मंगलाष्टकं त्यालाही हवी होती. म्हणूनच हा वाद श्रद्धा विरुद्ध अश्रद्धा असा सोपा नाही.

खटल्याची कादंबरी निकालाशी संपते, असं समजण्याचंही कारण नाही. 1926 साली मुंबई कायदेमंडळाने कायदा केला आणि न बोलावलेल्या वतनदार पुरोहिताचा दक्षिणेवरचा दावा निकालात काढला. ओतूरच्या मंडपापासून त्या कायद्यापर्यंत चार दशकं गेली. कायदा बदलला तो कोणीतरी आधी नुकसान सोसून वाट मोडली म्हणून. ते नुकसान, ती जागरणं, सोयऱ्यांचे रुसवे, कोर्टाच्या पायऱ्यांवर घालवलेले पेरणीचे दिवस लिहिणारा कोणी नसेल, तर पुढच्या पिढीला हक्क आकाशातून पडले असंच वाटेल.

माझं म्हणणं जुन्नर, ओतूर, मंचर, घोडेगावच्या लिहित्या मंडळींना उद्देशून आहे. ही भाषा तुमच्या घरात आहे, हा मंडप तुमच्या अंगणात पडला होता. हायकोर्टाचा अहवाल मिळवा, घराघरांतल्या जुन्या पेट्यांतले कागद उघडा, दोन्ही बाजूंच्या वंशजांशी बोला आणि दीडशे पानं लिहा. गडकोटांवर लिहिणारे पुष्कळ आहेत. बाळाजी पाटलाच्या मंडपातल्या त्या नवरीवर लिहिण्याचा पहिला अधिकार तुमचा आहे, आणि ती जबाबदारीही तुमचीच आहे.