सागवान घनफुटानं, पितळ किलोनं

आमच्या भागात वाडा पाडायला मुहूर्त लागत नाही. घरातल्या भावांचं एकमत व्हायच्या आत लाकडाचा व्यापारी दारालगतच्या ढाळजेत येऊन बसलेला असतो. खांब, तुळया, चौकटी तो नुसत्या नजरेनं मोजतो आणि आकडा सांगतो. सागवान घनफुटानं, तांबं-पितळ किलोनं. नक्षीचे पैसे आपल्याला मिळत नाहीत, ते तो पुढच्या गिऱ्हाईकाकडून, शहरातल्या हॉटेलवाल्याकडून घेतो. शिरूर अनंतपाळ तालुक्यातल्या ज्या वाड्यात मी सून म्हणून आले, तिथंही हा व्यवहार ठरता ठरता राहिलेला आहे. म्हणून लिहिते. तालुक्यात निदान एक वाडा सामानसुमानासकट जागच्या जागी राहावा आणि गावाचा राबता त्यात चालू राहावा, एवढंच माझं म्हणणं. राबत्याचं का म्हणते, ते पुढं येईल.

पहिला आक्षेप मला पाठ आहे. दगड-मातीचं घर म्हणजे मरण! 30 सप्टेंबर 1993च्या पहाटे, आदल्या दिवशी गणपती बोळवून माणसं दमून झोपलेली असताना, किल्लारी-सास्तूरचा पट्टा भूकंपानं जमीनदोस्त झाला. आठ-दहा हजार माणसं गेली, 52 गावं उठवून नव्या जागी बसवावी लागली. त्यानंतर आमचं घरही बरेच दिवस अंगणात पत्र्याखाली झोपत होतं. तेव्हा भीती खोटी होती असं मी कुणाला सांगणार नाही.

पण पडलं नेमकं काय, हेही बघायला हवं. दोन-तीन फुटी भिंत, बाहेरून एक थर, आतून एक थर, मध्ये दगडाचे तुकडे आणि माती. दोन्ही थरांना धरून ठेवणारा आरपार दगड बहुतेक भिंतींत नव्हताच. वरच्या माळवदावर गळती थांबवायला पिढ्यान् पिढ्या पांढरी माती टाकलेली, तिचा थर कुठं फूट, कुठं दोन फूट. धरणी हलली तशा भिंती फुटल्या. त्याच ढिगाऱ्यात कितीतरी ठिकाणी लाकडी खण, म्हणजे खांब-तुळयांचा सांगाडा, उभाच होता. म्हणून दुरुस्तीच्या वेळी इंजिनिअरांचं सांगणं साधं होतं: माळवदावरची जादा माती उतरवा, भिंतीत आरपार दगड बसवा, खांब आणि तुळईच्या सांध्याला तिरके आधार द्या, भिंतींना वरून पट्टा बांधा. माझ्या सासऱ्यांनी यातली माती तेवढी उतरवली, बाकी पैशाअभावी राहिलं. ते आता करायला हवं. घर पाडण्याहून ते स्वस्त पडेल असं मी म्हणत नाही. पाडायचे पैसे तर व्यापारी उलट आपल्यालाच देतो, अडचण ती आहे.

आमच्या माजघरात माळवदाला सवणं आहे, परातीएवढं भोक. त्यातून उन्हाचा गोल फरशीवर पडतो आणि दिवसभर सरकत जातो. सासूबाईंच्या हयातीत घड्याळ दिवाणखान्यात होतं, बायकांचं घड्याळ हे. गोल उखळापाशी आला की पुरुषांची पानं वाढायची, बळदाच्या तोंडाशी गेला की दुपारचं दळण. पावसात सवण्यावर फरशीचा तुकडा सरकवायला पोरं वर पळायची. हे भोक कुठल्या हॉटेलात नेऊन बसवता येईल?

बळद आता रिकामं आहे. भिंतीच्या पोटातली ती ज्वारीची कोठी माणूसभर खोल आहे. 1950चा कूळकायदा आणि पाठोपाठ 1954चा इनाम रद्द करणारा कायदा, हे दोन्ही हैदराबाद राज्यातले. त्यांमुळं अशा घरांकडे येणारं धान्य आटलं, आणि झालं ते रास्त झालं. ज्यांनी ते पिकवलं त्यांना ढाळजेच्या आत पाऊल टाकायची मुभा नव्हती. काही घरांतल्या माणसांना तर ढाळजही नव्हती, दिंडी दरवाजाच्या बाहेर थांबावं लागे. वाडा जपायचा म्हणताना हे झाकून नुसत्या समया उजळायच्या असतील, तर मला त्यात रस नाही. तसा वाडा लग्नाच्या फोटोंपुरता बरा.

एरवी बंद असलेलं हे घर महालक्ष्म्यांना उघडतं. अडगळीतून लोखंडी कोथळे निघतात, धान्यानं भरतात, वर पितळी मुखवटे बसतात. धाकटीच्या कानाशी पोचा आहे, तो कसा पडला याच्या प्रत्येक जावेकडं वेगळी कथा. घंगाळ, लामणदिवे, सागवानी पाट, पानाचं तबक, सगळं चिंचेनं घासून बाहेर येतं. संध्याकाळी हळदीकुंकवाला बायका येतात. आधी ठरावीक घरांतल्या येत, गेली काही वर्षं गल्लीगल्लीतून येतात आणि थेट माजघरात बसतात. सासूबाईंना ते सुरुवातीला जड गेलं, मग त्यांनीच ओटी भरायला सुरुवात केली. हा बदल भाषणानं झाला नाही. घर उघडं होतं आणि निमित्त होतं, म्हणून झाला. वर्षातून एकदा घासलं जातं म्हणून ते घंगाळ अजून घंगाळ आहे, नाहीतर केव्हाच किलोच्या भावात गेलं असतं.

याचा मोठा दाखला पैठणला आहे. एकनाथ महाराज 1599 साली गेले. गावातलं नाथमंदिर म्हणजे त्यांचा राहता वाडा, आणि श्रीखंड्याच्या रूपात देवानं पाणी भरल्याचं ज्याच्याविषयी सांगतात तो रांजण अजून तिथं आहे. तुकाराम बीजेला त्याची पूजा होते, लोक त्यात पाणी ओततात, आणि तो भरून वाहिला की देव येऊन गेला असं मानतात. कथेवर विश्वास ठेवा न ठेवा, रांजण फुटला नाही, कारण दर फाल्गुनात तो भरायचा असतो. शिवाय ज्या नाथांनी श्राद्धाचं जेवण अस्पृश्य मानलेल्यांना वाढलं असं सांगतात, त्यांचं हे घर. वाड्याचं दार कुणासाठी उघडायचं, याचा आदर्श आम्हाला लांब शोधायला नको.

संग्रहालयांना मी नावं ठेवत नाही. दिनकर केळकरांनी गावोगाव हिंडून दिवे, अडकित्ते, दारं गोळा केली नसती तर त्यातलं कितीतरी भट्टीत गेलं असतं. आपल्या तेरला रामलिंगप्पा लामतुरेंनी जमवलेल्या वस्तूंमुळं सातवाहनांचं गाव जगाला दिसलं. पण मडकं काचेमागं ठेवता येतं, माजघर नाही ठेवता येत. कायद्याचंही तसंच. 1972चा पुरावशेषांचा कायदा शंभर वर्षांची कलावस्तू देशाबाहेर न्यायला अडवतो, आमच्या गावातून शहरातल्या हॉटेलात जाणाऱ्या चौकटीला तो कुठं अडवतो?

मग करायचं काय? शासनानं वाडा ताब्यात घ्यावा असं मला वाटत नाही. निळा फलक लागेल, कुलूप लागेल, पहिल्या पावसात माळवद गळेल. मालकी घराची राहू द्या. पुढचा चौक, ढाळज आणि दिवाणखाना एवढा भाग नोंदणीकृत करारानं तीसेक वर्षांसाठी गावाच्या विश्वस्त मंडळाकडे द्या, त्यात वाड्याबाहेर थांबवलेल्या वस्त्यांतली माणसं हवीतच. सप्ताहाची पंगत, पोरांची अभ्यासिका, 17 सप्टेंबरचं मुक्तिसंग्राम दिनाचं झेंडावंदन, मोडी-उर्दू कागदांची वाचनं, येळवसेला, म्हणजे वेळ अमावास्येला, शेतात न गेलेल्या म्हाताऱ्यांसाठी भज्जी-आंबील, हे तिथं व्हावं. उजेडला गांधीबाबांच्या नावानं यात्रा भरते, ती याच तालुक्यात. नवा रिवाज पाडायला आम्हाला कुणाच्या परवानगीची सवय नाही.

घोडं अडतं ते हिस्सेदारांत. आमच्या वाड्याला सहा नावं आहेत, त्यातली दोन पुण्याला, एक हैदराबादला. पुतणे म्हणतात, पडक्या भिंतीवर खर्च कशाला? थोरले दीर तयार आहेत, पण आधी लेखी हवं म्हणतात. धाकट्या दिरांची अट एकच: महालक्ष्म्या बसतील त्या तीन दिवसांत माजघराची किल्ली घरच्या सुनेकडे राहील. ती अट मी लगेच कागदावर लिहून घेतली. गावातली सून मी एकटीच आहे.