ओव्हनवाल्यांना मूठभर वाळू

नानकटाई घरी करणार म्हटले की आमच्या विष्णुपुरीत हल्ली पहिला प्रश्न येतो, "ओव्हन किती लिटरचा आहे?" तुपाची चौकशी कोणी करीत नाही! इथे 1981 पासून अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, तेव्हा वॉट, अंश आणि टायमर यांची भाषा बोलणारे पुष्कळ. त्याला माझी हरकत नाही. पण त्यांच्या धाकाने चांगल्या सुगरणीसुद्धा "आमच्याकडे ओव्हन नाही हो" म्हणत दुकानातून पुडा आणू लागल्या. माझे भांडण आहे ते इथे.

अहो, अंड्याचा केक फुगवायचा असेल तर घ्या की खुशाल ओव्हन! नानकटाईला फुगायचे नसते, वर जरा तडकायचे असते. दोन वाट्या मैद्याला वाटीभर तूप. एवढ्या तुपापुढे मैद्याचा चिकटपणा डोके वर काढीत नाही, म्हणून ती तोंडात विरघळते. सगळी मेहनत फेसण्यात. थिजलेले तूप आणि पिठीसाखर परातीत तळहाताने पांढरीशुभ्र, हलकी होईपर्यंत फेसायची. मनगट बोलू लागते, बोलू द्यावे. मग मैदा, थोडे बेसन, चमचाभर रवा, चिमूटभर सोडा, वेलची.

भाजायला जुने जाड बुडाचे पातेले, तळाशी दोन बोटे वाळू, त्यावर ताटली, वर घट्ट झाकण. वाळू सावकाश तापते आणि आच सगळीकडे सारखी वाटते, म्हणून बूड करपत नाही. (गोदावरीकाठी राहून वाळूची काय ददात, असे वाटेल. पण आता वाटीभर आणली तरी शेजारी पावती विचारतात! मग जाडे मीठ घ्यावे.) मंद आचेवर वीस-पंचवीस मिनिटे.

मुळात हा पदार्थ भट्टीचा. 'नान' हा शब्दच फारसी. 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात राहिलेल्या मराठवाड्याला तो परका नाही. दिवाळीआधी बायाबापड्या घरचे तूप, साखर, मैदा घेऊन बेकरीसमोर नंबर लावीत. भट्टीवाला दारातून आत हात घालून आच ओळखायचा. त्याला कोणी लिटर विचारले नाहीत.

बाहेर काढल्यावर नानकटाई मऊ लागते. लगेच ओव्हनवाले निकाल देतात, "कच्ची आहे, अजून दहा मिनिटं ठेवा." काही ठेवू नका! गार होताना ती खुसखुशीत होते. तेवढा अर्धा तास ताटली आणि पोरे यांच्यामध्ये एखादे मोठे माणूस बसवा. शक्यतो गोड न खाणारे.