पाऊल टेकले पाहिजे

दुचाकीच्या सुरक्षिततेची चर्चा सध्या ब्रेक आणि हेल्मेट या दोन शब्दांभोवती फिरते आहे. जून २०२५मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने नव्या दुचाकींना एबीएस ब्रेक आणि गाडीबरोबर दोन हेल्मेट सक्तीचे करण्याचा मसुदा काढला. हेतू योग्यच आहे. याच मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२मध्ये देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसे गेली आणि त्यांतले जवळपास ७५ हजार दुचाकीवरचे होते. पण या चर्चेत एक अगदी साधा प्रश्न कोणी विचारत नाही. गाडी थांबवल्यावर चालवणाऱ्याचे पाऊल जमिनीला नीट टेकते का?

हा प्रश्न मला सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत वारंवार भेटतो. मुरगळलेला घोटा, मनगटाचे मोडलेले हाड, पोटरीवर सायलेन्सरचा चटका. कसे झाले असे विचारले की उत्तर बहुधा एकच असते: "काही नाही डॉक्टर, गाडी उभीच होती, तोल गेला." वेग नाही, धडक नाही, दुसरे वाहनही नाही. अशा पडण्याची पोलिसांत तक्रार कोण करतो? त्यामुळे ते कुठल्या आकडेवारीत सहसा येत नाही. घरात मात्र "तुला गाडी जमत नाही" एवढा शेरा मिळतो आणि किल्ली परत खुंटीवर जाते.

खारदांड्यासारख्या कोळीवाड्यात ही किल्ली महाग पडते. होड्या घेऊन पुरुष समुद्रावर जातात आणि मासळी विकण्याचा व्यवहार परंपरेने बायकांच्या हातात आहे. भाऊच्या धक्क्यावरून किंवा ससून डॉकवरून पहाटे माल आणायचा, तर टॅक्सी-टेम्पोचे भाडे नफ्यातून जाते. वस्तीतल्या वस्तीत आणि खारच्या इमारतींमध्ये मासळी पोचवायला स्कूटर सोयीची. पण दांड्यातल्या गल्ल्या अरुंद, समोरून माणूस आला तरी थांबावे लागते. जमीन मासळीच्या पाण्याने ओली. आणि फूटबोर्डवर थर्माकोलचा खोका. खोका मध्ये असला की पाय आणखी फाकतात आणि जमीन आणखी लांब जाते. इथे स्कूटर चालवणे म्हणजे निम्मा वेळ पाय टेकवणेच.

तीन सेंटिमीटरचा हिशेब

आता थोडे गणित करू. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार भारतीय स्त्रीची सरासरी उंची सुमारे १५२ सेंटिमीटर, म्हणजे पाच फूट आहे. साधारण दहांतली एक स्त्री १४५ सेंटिमीटरपेक्षाही कमी उंचीची असते. मांडीच्या सांध्यापासून टाचेपर्यंतची आतली लांबी उंचीच्या सुमारे ४५ टक्के धरली, तर पाच फूट उंचीच्या बाईचा पाय भरतो ६९ सेंटिमीटरच्या आसपास. बाजारातल्या बहुतेक स्कूटरच्या सीटची उंची कागदावर ७६० ते ८०० मिलिमीटरच्या घरात असते. ७६५ मिलिमीटरची गाडी घेऊ. बसल्यावर फोम आणि शॉकअप मिळून अडीच सेंटिमीटर खाली जातात, म्हणजे उरले ७४. पायात चप्पल आहे, तिचे दोन सेंटिमीटर मिळवले की पाय झाला ७१. तरीही तीन सेंटिमीटरचे अंतर राहतेच.

त्यात सीटची रुंदी मिळवा. पाय सरळ खाली जात नाही, सीटच्या कडेला वळसा घालून जातो. म्हणूनच दोन गाड्यांची उंची कागदावर सारखी असूनही एकीवर पाय टेकतो आणि दुसरीवर टेकत नाही. शिवाय हलक्या अंगाच्या व्यक्तीच्या वजनाने शॉकअप कमी दबतो, म्हणजे जिला गरज जास्त तिलाच सीट उंच मिळते.

चवडे टेकतात ना, मग झाले, असे दुकानात सांगितले जाते. शरीरशास्त्र वेगळे सांगते. घोट्याच्या सांध्यात पावलाचे एक हाड वरच्या दोन हाडांच्या खाचेत बसलेले असते. हे हाड पुढून रुंद आणि मागून निमुळते असते. तळवा सपाट टेकलेला असतो तेव्हा रुंद भाग खाचेत घट्ट बसतो. चवड्यावर उभे राहिले की निमुळता भाग खाचेत येतो आणि सांधा सैल पडतो. नेमक्या त्याच क्षणी बाहेरच्या बाजूच्या अस्थिबंधावर ताण सर्वाधिक असतो. घोटा मुरगळतो तो बहुतेक वेळा असा.

दुसरी गोष्ट वजनाची. स्कूटर शंभर ते सव्वाशे किलोची असते. ती सरळ उभी असते तोवर तिचा भार चाकांवर असतो, आपल्यावर नाही. पाय पुरत नसला की चालवणारी व्यक्ती गाडी एका बाजूला कलती करते. कल ५ अंशांवरून १५ अंशांवर गेला की गाडीला पाडणारा जोर जवळपास तिप्पट होतो. तो पेलायला असतात फक्त चवड्याची बोटे, आणि तीही ओल्या पेव्हर ब्लॉकवर. तोल जाताना माणूस हातातले जे असेल ते घट्ट धरतो. बिनगिअरच्या स्कूटरवर उजव्या मुठीत ॲक्सिलरेटर असतो. तो पिळला गेला की उभी गाडी पुढे झेपावते. मग पसरलेल्या हातावर पडणे आणि मनगटाचे हाड मोडणे. चाळिशी-पन्नाशीनंतर, विशेषतः पाळी थांबल्यावर, हाडे विरळ होऊ लागतात, तेव्हा एवढ्याशा पडण्यानेही हाड मोडते.

गाडी कोणासाठी बनली?

१९४६मध्ये इटलीत व्हेस्पा आली, तेव्हा तिच्या रचनेमागे एक विमान अभियंता होता. टांग टाकून चढावे लागू नये, कपडे खराब होऊ नयेत, हा त्या खुल्या फूटबोर्डचा हेतू. महाराष्ट्रातही १९७२ साली दोन गाड्या आल्या: बजाजची चेतक आणि कायनेटिकची लुना. चेतक सगळ्या कुटुंबाला घेऊन जाणारी, वजनदार, गिअरची, किकची. लुना हलकी आणि पेडलची. पुण्यात मुली आणि नोकरदार बायका लुनावर दिसू लागल्या, कारण ती सायकलीसारखी हाताळता येत होती. १९८४मध्ये कायनेटिक होंडाने गिअर काढून टाकला आणि बटणावर सुरू होणारी गाडी दिली. प्रत्येक वेळी गाडी माणसाजवळ एक पाऊल आली आणि नवे लोक रस्त्यावर उतरले. आजच्या स्कूटरमध्ये मोबाइलचा नकाशा दिसतो, डिक्कीत दोन हेल्मेट मावतात. सीट मात्र एकाच मापाची मिळते. चपलेला सहा-सात मापे आणि शंभर किलोच्या यंत्राला एकच.

सीट बदलायची तर कशी

सीटमध्ये फेरफार करणे अवघड नाही, पण त्याला क्रम आहे.

सर्वांत आधी गाडी घेतानाच नेहमीची चप्पल घालून सीटवर बसा. आरशात पाहून पाठ सरळ ठेवा. निदान एका पायाचा पूर्ण तळवा, किंवा दोन्ही पायांचे चवडे टाचेच्या थोड्याशा उचलीसह टेकले पाहिजेत. कागदावरच्या उंचीपेक्षा ही पाच मिनिटे महत्त्वाची. गाडी आधीच घरात असेल, तर मागच्या शॉकअपची जुळवणी पाहा. काही स्कूटरमध्ये तिचे तीन टप्पे असतात. हलक्या वजनाच्या व्यक्तीसाठी सर्वांत मऊ टप्पा लावला की बसल्यावर गाडी थोडी जास्त दबते. यात काही कापावे लागत नाही.

तेवढ्याने भागले नाही तर सीटवाल्याकडे जा. जमल्यास दुसरी सीट विकत घेऊन तिच्यावर काम करून घ्या आणि मूळ सीट जपून ठेवा. गाडी विकताना किंवा काम बिघडले तर ती उपयोगी पडते. कामाचे तीन भाग आहेत. पहिला, चालवणाऱ्याच्या जागेवरचा फोम अडीच-तीन सेंटिमीटर तासणे. वरच्या हिशेबात कमी पडलेले अंतर नेमके एवढेच होते. दुसरा, पुढच्या भागाच्या दोन्ही कडा आत घेणे, म्हणजे पाय सरळ खाली जाईल. अनेकदा उंचीपेक्षा या कडांनीच जास्त फरक पडतो. तिसरा, बसायची जागा सपाट ठेवणे. ती पुढे उतरती झाली तर ब्रेक मारताना आपण घसरत पुढे जातो आणि मागे बसलेली व्यक्ती आपल्यावर येते.

फोम तासताना लोभ नको. बसलेल्या माणसाच्या कण्याला सेकंदाला ४ ते ६ कंपनांचे हादरे सर्वाधिक जाणवतात, आणि फोम व शॉकअप मिळून हेच हादरे गिळत असतात. फोम फारच पातळ झाला की खड्ड्यात सीटचा कडक तळ माकडहाडाला लागतो. तसे जाणवले तर काम चुकले असे समजा. ज्यांना कंबरदुखी किंवा मणक्याचा त्रास आहे, त्यांनी जास्त घनतेचा फोम बसवून घ्यावा आणि उंचीपेक्षा कडा कमी करण्यावर भर द्यावा. मुंबईच्या पावसात आणखी एक काळजी: कापलेला फोम पाणी शोषतो, म्हणून रेक्झिनखाली प्लॅस्टिकचा पातळ थर घालायला सांगा आणि शिलाई बसायच्या जागेवर येऊ देऊ नका. मागे धरायची मूठ आणि मागच्याचे पायदान नियमाने आवश्यक आहे, त्याला हात लावू नये. सीट बदलल्यावर आरसे पुन्हा लावून घ्या, कारण डोळ्यांची पातळीही खाली आलेली असते.

काय करू नये, हेही तितकेच स्पष्ट सांगतो. शॉकअपची स्प्रिंग कापणे किंवा शॉकअप बसवायची जागा हलवणे धोक्याचे आहे. मागची बाजू खाली गेली की हेडलाइट वर मारतो, स्टिअरिंगचा स्वभाव बदलतो, गाडीचे पोट गतिरोधकाला घासते आणि मधल्या स्टँडवर गाडी चढवणे कठीण होते. उंच टाचेची चप्पल हाही उपाय नव्हे. ती जमिनीवर डगमगते. सपाट, जाड रबरी तळाचा बूट चालेल. आणि सीट खाली आली म्हणून परवाना नसलेल्या मुलाच्या हाती गाडी देऊ नये.

सवयही बदलावी लागते. थांबताना डाव्या हाताचा ब्रेक धरून ठेवा, उजवी मूठ सैल सोडा, मग पाय टेका. ढकलत न्यायची असेल तेव्हा इंजिन बंद करा. पडल्यावर घोटा सुजला आणि चार पावलेही टाकता येत नसतील, तर तेल चोळत बसू नका, एक्स-रे काढा.

कायदा आणि कारखाना

सीट बदलली तर पोलीस पकडतील का, असे अनेकजण विचारतात. मोटार वाहन कायदा, १९८८च्या कलम ५२नुसार उत्पादकाने दिलेल्या आणि नोंदणीत असलेल्या तपशिलाशी विसंगत बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच बजावले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर बेकायदा फेरफारासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक फेरफारामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. मात्र कायद्याने फेरफार म्हणजे काय तेही सांगितले आहे: वाहनाचे मूलभूत स्वरूप बदलणारा रचनेतला बदल. फोम तासणे आणि कव्हर बदलणे हे सांगाडा, इंजिन किंवा बसणाऱ्यांची संख्या बदलत नाही. शॉकअपची जागा हलवणे हे मात्र रचनेला हात घालणे आहे. शंका असेल तर खारदांडा ज्या अंधेरी आरटीओच्या हद्दीत येतो तिथे आधी विचारावे, आणि वॉरंटीबद्दल विक्रेत्याकडून लेखी घ्यावे. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात वैद्यकीय किंवा आनुवंशिक कारणाने प्रौढपणी १४७ सेंटिमीटर किंवा त्याहून कमी उंची राहिलेल्यांचा समावेश आहे. अशा व्यक्तींनी दिव्यांगांसाठी गाडी अनुरूप करून घेण्याची कायद्यातली वाट जरूर वापरावी.

पण खरे काम सीटवाल्याचे नाही, कारखान्याचे आहे. २०२५मध्येच राज्य सरकारने ई-बाइक टॅक्सीचे धोरण मंजूर केले. त्यातून बायकांना रोजगार मिळावा असे वाटत असेल, तर त्यांचे पाय टेकतील अशा गाड्या हव्यात. कंपनीनेच तपासलेली, वॉरंटीसह मिळणारी कमी उंचीची सीट हा प्रत्येक मॉडेलला पर्याय असला पाहिजे. उंचीबरोबर सीटच्या पुढच्या भागाची रुंदीही कागदावर छापली पाहिजे. विक्री दालनात किंमत सांगण्याआधी गिऱ्हाइकाला गाडीवर बसवले पाहिजे. एबीएस चाक लॉक होऊ देत नाही, हेल्मेट डोके वाचवते. पण गाडी थांबल्यावर तोल सांभाळतो तो जमिनीवरचा तळवाच.

तोवर ज्यांच्या घरात स्कूटर आहे त्यांनी एक करावे. आज संध्याकाळी गाडी मधल्या स्टँडवरून उतरवा, तिच्यावर रोज बसणाऱ्या व्यक्तीला बसवा आणि टाचेखाली किती फट राहते ते मोजा. दोन बोटांपेक्षा जास्त असेल, तर चालवणारीला नावे ठेवण्याआधी सीटकडे पाहा.