विश्लेषण : ‘यूएक्स’ संशोधनात नोकरी ओळखीतून मिळते, मग चंद्रपूर-गडचिरोलीच्या तरुणांचे काय?

एखादे ॲप किंवा सेवा वापरताना माणूस कुठे अडतो, का अडतो, हे शोधण्याचे काम म्हणजे ‘यूजर एक्स्पिरियन्स’ अर्थात यूएक्स संशोधन. या क्षेत्रातील अनेक पदे जाहिरातीपेक्षा व्यावसायिक वर्तुळातील शिफारशीने भरली जातात. हे वर्तुळ बेंगळूरु, पुणे, मुंबई, हैदराबाद, गुरुग्राम अशा शहरांत एकवटलेले आहे. त्यापासून दूर असलेल्या वनजिल्ह्यांतील तरुणांना त्यात शिरकाव कसा मिळेल, याचा आढावा.

यूएक्स संशोधक नेमके काय करतो?

तो वापरकर्त्यांच्या मुलाखती घेतो, त्यांना काम करताना पाहतो, अडचणींची नोंद ठेवतो आणि काय बदलावे ते कंपनीला सांगतो. मानसशास्त्र, समाजशास्त्र, मानववंशशास्त्र, डिझाइन, पत्रकारिता अशा अनेक वाटांनी लोक या कामात येतात. अभियंत्याला किंवा सनदी लेखापालाला असते तशी एकच ठरलेली पदवी येथे नाही. त्यामुळे अर्जावरून उमेदवाराची पारख करणे कठीण जाते. ‘हिचे काम मी पाहिले आहे’ हे कुणाचे तरी वाक्य मग पदवीपेक्षा जड ठरते.

ओळखीतून नोकरी म्हणजे वशिला का?

दोन्हींत फरक आहे. वशिल्यात पात्रता बाजूला पडते, शिफारशीत ओळखीचा माणूस पात्रतेची साक्ष देतो आणि पुढची मुलाखत उमेदवारालाच द्यावी लागते. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्ये मांडलेला सिद्धान्त येथे उपयोगी पडतो. बोस्टनजवळच्या न्यूटन शहरातील त्यांच्या पाहणीत निम्म्याहून अधिक जणांना नोकरी ओळखीतून मिळाली होती. पण त्यांतील जेमतेम १७ टक्क्यांना ती नेहमी भेटणाऱ्या माणसामुळे मिळाली. बाकीच्यांच्या उपयोगी पडले ते अधूनमधून किंवा क्वचित भेटणारे लोक. कारण साधे आहे. जवळच्या माणसांना आपल्याइतकेच ठाऊक असते, नवी बातमी दूरच्या माणसाकडून येते.

‘लिंक्डइन’च्या सुमारे दोन कोटी सदस्यांवरील प्रयोगाचे निष्कर्ष २०२२ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात आले. अगदी घट्ट नव्हे आणि अगदी नाममात्रही नव्हे, अशा मधल्या ओळखी नोकरीसाठी सर्वाधिक उपयोगी ठरतात, असे त्यात दिसले. डिजिटल उद्योगांत अशा सैल ओळखींचा उपयोग अधिक होतो.

या दोन जिल्ह्यांची अडचण काय?

घट्ट नाती येथे कमी नाहीत. गाव, नातेवाईक, कॉलेजचे मित्र, पोलीस भरतीची तयारी करणारा गट, सारे आहे. पण या सर्वांना माहीत असलेल्या वाटा सारख्याच असतात: वीजकेंद्र, कोळसा खाण, सूरजागडची लोहखाण, वन विभाग, शिक्षक भरती. बेंगळूरुच्या एखाद्या डिझाइन चमूत काम करणारा सीनियर नसेल, तर अशी पदे असतात हेच कळत नाही. त्यात अंतराची भर. सिरोंचाहून गडचिरोलीचे जिल्हा मुख्यालयच दोनशे किलोमीटरच्या घरात आहे. महानगरातील संध्याकाळच्या मेळाव्याला सहज जाऊन येणे येथून शक्य नाही.

मग या भागाकडे काय आहे?

वापरकर्त्याला विचारून सेवा घडवण्याची परंपरा येथे या व्यवसायाचे नाव रुळण्याआधीपासून आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने आदिवासींना दवाखान्याची भीती का वाटते, हे त्यांनाच विचारले. उत्तरे ऐकून शोधग्रामचा दवाखाना मोठी इमारत न बांधता झोपड्यांच्या रूपात उभारला आणि त्याला माँ दंतेश्वरीचे नाव दिले. बाळाचा न्यूमोनिया ओळखायला श्वास मोजावे लागतात, पण मोजणी न येणाऱ्या दाईने ते कसे मोजायचे? त्यासाठी वाळूचे घड्याळ आणि मणी असलेले साधन तयार झाले. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. यूएक्सच्या कोणत्याही वर्गात शिकवावे असे हे उदाहरण आहे.

दुसरे भांडवल भाषांचे. मराठी, झाडीबोली, गोंडी, माडिया, तेलुगू, बंगाली, छत्तीसगढी या भाषा येथे नांदतात. २०११ च्या जनगणनेनुसार देशात गोंडी भाषकांची संख्या सुमारे २९.८ लाख आहे, तरीही ही भाषा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत नाही. शेजारच्या छत्तीसगडमध्ये ‘सीजीनेट स्वर’ने मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या साथीने गोंडी भाषेच्या तंत्रज्ञानावर काम केले आहे. आवाजावर चालणाऱ्या सेवा वाढतील तसे गोंडी किंवा माडियातून मुलाखत घेऊ शकणारा माणूस दुर्मीळ आणि मोलाचा ठरेल.

खरी मेख कुठे आहे?

बाहेरून अभ्यासाला येणाऱ्या पथकाला स्थानिक तरुण लागतोच. तो गाव दाखवतो, माणसे जमवतो, दुभाषा होतो आणि लोकांचे मौन कशामुळे आहे तेही सांगतो. यातले बरेचसे संशोधनच असते. मात्र त्याची गणना ‘मदतनीस’ म्हणून होते आणि पथक परतले की संबंध संपतो. ग्रॅनोव्हेटर ज्याला दूरची ओळख म्हणतात, ती अशा वेळी जिल्ह्यात चालून आलेली असते. तिचे रूपांतर शिफारशीत होत नाही, इथे घोडे अडते. रोजंदारीसोबत अहवालात नाव, केलेल्या कामाचे लेखी पत्र आणि पुढील संपर्क यांची मागणी तरुणांनी आधीच करायला हवी. संस्थांनीही ती मान्य करायला हवी.

ओळखी जोडायच्या कशा?

आधी दाखवण्याजोगे काम हवे. आपले सरकार सेवा केंद्रात पाच जण ऑनलाइन अर्ज भरताना कुठे थांबतात, याची नोंद करायला प्रयोगशाळा लागत नाही. वापरसुलभतेचे तज्ज्ञ जेकब नील्सन यांनी तर २००० मध्येच पाच वापरकर्त्यांच्या चाचणीत बहुतेक दोष सापडतात, असे मांडले होते. मात्र लोकांची परवानगी घ्यावी आणि आधार क्रमांक, नावे वगळावीत. असे दोन-तीन अभ्यास हाती असले की अनोळखी संशोधकाला पाठवलेल्या पत्राला वजन येते. त्यात थेट नोकरी मागण्याऐवजी ‘या अभ्यासात काय चुकले, पाहाल का?’ असे विचारले तर उत्तर मिळण्याची शक्यता वाढते.

पुढचा टप्पा संस्थांचा. गोंडवाना विद्यापीठ २०११ पासून याच दोन जिल्ह्यांसाठी आहे, चंद्रपुरात शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. समाजशास्त्राचे आणि संगणकाचे विद्यार्थी एका प्रकल्पावर आणणे, आयआयटी मुंबईच्या आयडीसी स्कूल ऑफ डिझाइनसारख्या ठिकाणच्या माजी विद्यार्थ्यांना ऑनलाइन जोडणे त्यांना शक्य आहे. ‘सर्च’चा ‘निर्माण’ उपक्रम २००६ पासून राज्यभरातील तरुणांना एकत्र आणतो. मेंढा (लेखा) गावाने तर अभ्यासगटाची पद्धत घालून दिली आहे. गावकरी आणि बाहेरचे जाणकार एकत्र बसून प्रश्न समजून घेतात, निर्णय ग्रामसभा घेते. व्यावसायिक समुदाय याहून फार वेगळा नसतो.

मर्यादा कोणत्या?

ओळखीने दार उघडते, जागा निर्माण होत नाही. २०२२-२३ च्या नोकरकपातीत अमेरिकी तंत्रज्ञान कंपन्यांतील यूएक्स संशोधकांनाही झळ बसली. शिवाय भरती फक्त शिफारशीवर चालली तर आधीच आत असलेल्यांसारखेच लोक पुन्हा आत जातात. ज्या वापरकर्त्यांसाठी सेवा बनते, त्यांच्यातले कुणीही मग चमूत नसते. त्यामुळे पदे जाहीर करणे आणि भाषेच्या ज्ञानाला गुण देणे ही कंपन्यांची व सरकारी डिजिटल प्रकल्पांची जबाबदारी उरतेच. अन्यथा आदिवासी गाव अभ्यासाचा विषय राहील आणि अभ्यासक मात्र बाहेरूनच येत राहतील.