घरीं घडविलेली मोटार

पेन्शन मिळाली म्हणून मनुष्याचे हात रिकामे राहावेत, हें आम्हांस मान्य नाहीं. विलायतेंत 1957 पासून लोटस सेव्हन ही मोटार सुट्या भागांतून घरीं जोडतां येऊं लागली. सांगली जिल्ह्यांतील देवराष्ट्रे येथील दत्तात्रय लोहार यांनीं तर भंगारांतून, सुमारें 60,000 रुपयांत, किक मारून सुरू होणारी गाडी घडविली. 2022 सालीं आनंद महिंद्रांनीं ती घेऊन त्यांस बोलेरो दिली. अशी गाडी रस्त्याच्या नियमांत बसत नाहीं, हें खरें. परंतु तिची किंमत धांवण्यांत नसून घडविण्यांत आहे. कुरुंद्यांतील आजोबांनीं अंगणांत एखादें जुनें इंजिन उघडावें, नातवाच्या हातीं पाना द्यावा; आणि पालकहो, कपडे मळतील म्हणून आपण त्यास मागें ओढूं नये. तेलानें माखलेला हात पुस्तक धरणाऱ्या हाताहून हीन नव्हे.